चालू नळ बंद करणारे श्रीधरराव

श्रीधरराव गोडबोले साठ वर्षांचे होत आहेत आणि त्यांच्याविषयी लिहिण्याचा मान या गौरव अंकाच्या संपादकांनी मला दिला आहे. मान मोठा आहे, पण आधीच सांगते, मी त्यांच्यावर जळते. आजही.

आमची ओळख २०११ साली ऑकलंडमध्ये, माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात झाली. मोठ्या इमारतींचे नळ आणि हीटिंग सांभाळणं हे आमच्या कंपनीचं काम. मी तिथे आधीपासून होते. श्रीधरराव पुण्याहून आले आणि आठवड्याभरात सगळ्यांचे लाडके झाले.

दक्षिणेकडच्या इमारतींचं प्रमुखपद मला हवं होतं, हे कुणापासून लपलेलं नव्हतं. तिकडे दक्षिणेला, डनीडिनला, हिवाळ्यात पाइप गोठतात. या देशात दक्षिणेच्या भिंतीला ऊन लागत नाही, म्हणून त्या बाजूच्या पाइपांना आधी फोम गुंडाळायचा, सुट्टीतही हीटिंग पूर्ण बंद करायचं नाही, ही योजना माझी. फोम पोचेपर्यंत जूनच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, लाँग वीकेंडला डनीडिनच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचा शेवटचा नळ बारीक धारेने वाहता ठेवायचा, हेही माझंच; तशी मेल मी सगळ्यांना पाठवली होती. वाहतं पाणी सहसा गोठत नाही.

शनिवारी श्रीधरराव तिथला बॉयलर तपासायला गेले. त्यांना चालू नळ दिसला आणि त्यांनी तो घट्ट बंद केला.

पाइप गोठला, फुटला आणि खालच्या मजल्याचं छत कार्पेटवर आलं. मंगळवारच्या मीटिंगमध्ये इमारतीच्या मॅनेजरबाईंनी विचारलं, नळ कोणी बंद केला? सगळ्यांचा संशय सफाईवाल्यांवर होता. श्रीधरराव उठून उभे राहिले.

"मी. पुण्यात आमच्याकडे सकाळी तासभर पाणी यायचं. चालू नळ दिसला की हात आपोआप जातो. मीनाक्षीताईंची मेल वाचली होती, तरी गेला."

बाई हसल्या. "गुड ऑन यू, श्री!"

मी मनात म्हटलं, आता तरी पद आपलंच. कसलं काय! असा खरं बोलणारा माणूसच आम्हाला हवा, असा आग्रह बाईंनी धरला आणि महिन्याभरात दक्षिणेच्या सगळ्या इमारती श्रीधररावांकडे गेल्या. योजना माझी, चूक त्यांची आणि हार त्यांच्या गळ्यात!

पुढे त्यांनी माझीच योजना सगळीकडे राबवली आणि प्रत्येक अहवालात माझं नाव घातलं. धड भांडायचीही सोय ठेवली नाही.

माझं ऑपरेशन झालं तेव्हा ते आणि वहिनी पापाकुऱ्याला आमच्या घरी रोज डबा घेऊन येत. माझी लेक माझ्या मराठीला इंग्रजीतच उत्तर देते. त्यांना मात्र म्हणाली, "काका, भाजी हीप्स आवडली. उद्या पण आणा ना." हीप्स म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत खूप. मी अंथरुणात पडल्या पडल्या दातओठ खात होते. भाजी खरोखरच चांगली होती.

आता ते पद सोडत आहेत आणि त्यासाठी त्यांनी माझं नाव सुचवलं. आमचे डिरेक्टर म्हणाले, "श्रीचा शब्द आहे ना? मग स्वीट ॲज." म्हणजे, काही प्रश्नच नाही. इतकी वर्षं ज्या खुर्चीसाठी झुरले, ती मिळाली तीही त्यांच्या शब्दावर. त्या दिवशी घरी येऊन मी चिडून रडले.

श्रीधररावांना निरोगी, भरभरून आयुष्य लाभो. त्यांनी शंभरी गाठावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. त्या खुर्चीत बसून मी काय करते, हे त्यांनी बघायलाच हवं. दुसऱ्या कुणी केलेलं कौतुक मला पुरणार नाही.