पट्टीआडच्या पेशी

नव्या चपलेनं डाव्या पायाचा अंगठा खाल्ला आणि मला दोन दिवस पत्ताच नव्हता. साखर असलेल्या माणसाचे पाय असे बेइमान. काही झालं तरी मालकाला कळवत नाहीत. महिना उलटला, जखम रुपयाएवढी होती तशीच. परभणीच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, सोमवारपर्यंत बघू. काठ पुढं सरकला नाही तर अंगठा काढावा लागेल. मी हसून विचारलं, अर्धा काढून भागेल का? ते हसले नाहीत.

ताडकळसला आमचं कापडाचं दुकान आहे. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला यायचं असतं, आणि आजाऱ्यानं आलेल्याला जखम दाखवायची असते. बाजारच्या दिवशी तर रांगच. मी गादीवर पाय पसरायचो, पट्टी सोडायचो, चपलेची गोष्ट पहिल्यापासून सांगायचो आणि पुन्हा गुंडाळायचो. पट्टी एक दिवसाआड नर्सच सोडेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तो नियम अडाण्यांसाठी असावा, अशी माझी समजूत.

त्याच आठवड्यात मुलगी पुण्याहून आली. ती तिथं पेशींवर संशोधन करते. काचेच्या ताटलीत पेशी वाढवायच्या, मधून ओरखडा काढायचा आणि त्या तो कसा बुजवतात ते पाहायचं. ओरखडे काढायला पुणं कशाला, घरी मांजर आहे की, हा माझा ठरलेला विनोद. या वेळी तो घशातच राहिला. मी सोडून टाकलेलं पट्टीचं सुकं कापड ती खिडकीच्या उजेडात धरून पाहत होती. त्याला दुधावरच्या सायीसारखं काहीतरी चिकटलं होतं.

"आप्पा, दिवसातनं किती वेळा उघडता?"

मी म्हटलं, माणसं येतील तितक्या वेळा.

ती खालीच बसली. जखमेच्या काठावरची पेशी चालत येते, म्हणाली. आधी चपटी पसरते, पुढचं टोक टेकवून धरते, मग मागचं सोडते. एक प्रोटीन तिला पसर म्हणून निरोप देतं, दुसरं मागचं आवळून ओढ म्हणतं. निरोप चुकले की ती जागीच अडकते. साखरेनं आधीच घोळ होतो. त्यात जखम सुकली की सरकायला ओलच राहत नाही.

"त्या कणाकणानं पुढं सरकायल्यात, आन् तुमी पट्टीसंगं उपटून टाकायलात."

मी अंगठ्याकडं पाहिलं. महिनाभर मीच तो कापायला काढला होता.

त्यानंतर पट्टीला हात लावला नाही. नर्स यायची, सलाईननं भिजवून ती सोडायची, तेव्हाही मी भिंतीकडं तोंड करायचो. निभावलं असं वाटलं, तेवढ्यात बाजारच्या दिवशी चारठाण्याहून आत्या आली. दोन गाड्या बदलून, गुडघे धरत. बसली आणि म्हणाली, सोड.

मी सांगून पाहिलं. डॉक्टर, पेशी, निरोप, सगळं. ती शांतपणे ऐकत राहिली.

"मी पाय बघायला आले, पट्टी बघायला न्हाई."

माझा हात गाठीवर गेला. खरंच गेला. मुलगी दारात उभी होती. दुकानातली दोन गिऱ्हाइकं माना लांब करून पाहत होती.

"आत्या, आत्ता न्हाई दाखवत," मी म्हणालो आणि हात मांडीखाली दाबून ठेवला.

ती चहा न घेता उठली. आमच्या घरातून ती कधी तशी गेली नव्हती.

सोमवारी डॉक्टर पट्टी भिजवत होते आणि मी पंख्याकडं पाहत होतो. मुलगी वाकली होती. मग डॉक्टरांनी भिंग पुढं ओढलं आणि काठाची गुलाबी, पातळ कड दाखवली. तांदळाच्या दाण्याएवढी आत आलेली.

"राहू द्या अंगठा," ते म्हणाले. "पण हात लावायचा नाही."

बाहेर येऊन पहिला फोन आत्याला लावला. अंगठा वाचला, म्हटलं.

"बघितल्याबिगर कसं मानू?" ती म्हणाली. "बरा झाला की इकडंच घिऊन ये."