कांदा खाऊन येणारी भाची

तेलाच्या वखारीत सगळे त्याला नाकशेठ म्हणत. सव्वीस वर्षं त्याचं काम एकच होतं. अक्रोडाचं तेल निळ्या कपात घ्यायचं, कप मुठीत धरून कोमट करायचा, झाकण काढून हुंगायचं आणि सांगायचं, हे सेंद्रिय की फवारणीच्या बागेतलं. कप निळा अशासाठी, की तेलाचा रंग बघून नाकाने लबाडी करू नये.

या नाकापायी त्याने सुगंधी साबण सोडला होता. कांदा सोडला होता. स्वतःच्या लग्नात कुणी अत्तर लावायला आलं, तर हा दोन पावलं मागे सरला. बायको ते अजून ऐकवते.

भाचीला त्यानेच शब्द टाकून इथे लावलं. ती रसायनशास्त्र शिकलेली. वर्षभरातच तिने यंत्र आणवलं. बंद कुपीत तेल तापवायचं, वर जमलेला वास सुईने ओढून घ्यायचा, त्यातली गंधद्रव्यं एकेक करून सुटी करायची. पडद्यावर लहानमोठी शिखरं उमटत. एका शिखराने काही ठरत नाही, ती सांगायची, सगळ्यांची मिळून ठेवण बघायची. कुठलं सेंद्रिय, कुठलं फवारणीचं हे पक्कं ठाऊक असलेल्या चाळीस तेलांवरून तिने यंत्राला ती ठेवण शिकवली होती.

भाची डब्यातला कांदा कराकरा चावायची. तिचे केस शाम्पूने घमघमायचे. तरी तिचं उत्तर बरोबर यायचं. नाकशेठला हेच झोंबायचं. पूर्वी वखारीच्या मालकीणबाई निकालासाठी त्याच्या तोंडाकडे बघत थांबायच्या. आता पडद्याकडे बघायच्या.

एके दिवशी टेकडीवरच्या बागवालीचं तेल आलं. बाई एकटीने बाग राखायची, फवारणीचा पंप तिच्या घरात नव्हता. यंत्र म्हणालं, सेंद्रिय नाही. मालकीणबाईंनी पिंपं परत पाठवायला सांगितली, वर बाईचं नाव यादीतून काढायलाही.

नाकशेठने कप हुंगला. तेल स्वच्छ होतं, सेंद्रियच. फक्त बाईने या खेपेला अक्रोड जरा जास्त भाजले होते.

तो मनातून सुखावला. कारण त्या चाळीस बाटल्या कपाटातून त्यानेच काढून दिल्या होत्या. त्यातली सेंद्रिय तेलं सगळी एकाच घाण्याची, हलक्या भाजणीची; फवारणीची सगळी जास्त भाजलेली. यंत्र बाग ओळखायला शिकलंच नव्हतं, भाजणी ओळखायला शिकलं होतं. हे त्याला बाटल्या दिल्या त्याच दिवशी कळलं होतं. तो बोलला नव्हता. यंत्र कधी तोंडावर पडतं, याची वाट बघत होता.

आता पडलं होतं, पण बागवालीच्या अंगावर.

बाहेर पिंपं गाडीवर चढू लागली. तिसरं पिंप चढलं तेव्हा तो उठला आणि मालकीणबाईंसमोर भाजणीचा घोळ सांगून मोकळा झाला. पिंपं उतरली. मालकीणबाई पुन्हा त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्याला वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही.

त्या गेल्यावर भाचीने विचारलं, “मामा, बाटल्या देतानाच तुला माहीत होतं ना?”

“होतं.”

तिने कुपीचं बूच घट्ट बसवलं. मग म्हणाली, “चार वर्षं शिकून मला जे कळलं नाही, ते तुला झाकण उघडल्या उघडल्या कळतं. मी रोज जळते तुझ्यावर. तुला कधी दिसलं नाही?”

त्याला खरंच दिसलं नव्हतं. तो स्वतःच्याच धगीत होता.

त्याने तिला वेगवेगळ्या भाजणीच्या बाटल्या काढून दिल्या. आठवड्याभरात यंत्र तेही शिकलं. त्याच्याकडे होतं नव्हतं ते गेलं, असं त्याला वाटलं.

सोमवारी भाची येऊन त्याच्या बाकावर बसली. केसांना वास नव्हता. डब्यात कांदा नव्हता. तिने निळा कप उचलला.

आता हिला नाकही हवं! त्याच्या छातीत पुन्हा तीच आग उठली. त्याने कप तिच्या हातातून काढून घेतला. क्षणभर स्वतःच्या मुठीत धरला.

मग परत दिला. “असा वरून नाही धरायचा. तळहातात. आणि घाई करू नकोस, मला सव्वीस वर्षं लागली.”