आधी आईची रांग

बाईंचं 'करवत' हे नाव पोरांनी ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. प्रेमळ बाईंच्या डोक्यावर पोरं मिरे वाटतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्या एका कॉलेजात जीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायच्या, दरवर्षी नव्या करारावर. त्यातलं बाप ओळखण्याचं प्रात्यक्षिक त्यांच्या डोक्यात जायचं. जेलच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, पातळ वडीत चार खाचा असत. आई, मूल आणि दोन पुरुष यांचा डीएनए त्यांत सोडायचा, वीज लावायची, की प्रत्येकाच्या रांगेत पट्टे उमटत. मुलाचे निम्मे पट्टे आईचे, ते आधी वगळायचे. उरलेले ज्याच्याशी जुळतील तो बाप. पण 'दोन पुरुष' म्हटलं की वर्ग फिदीफिदी हसायचा, आणि हसायचा तो आईला. बाईंचे डोळे घारे होते, घरात आणखी कुणाचेच नव्हते. त्यावरून नातेवाइकांनी त्यांच्या आईला जन्मभर टोचून खाल्लं होतं. हे हसणं बाईंच्या जिव्हारी लागायचं.

यंदा डीएनएच्या नळ्या त्यांनी स्वतः भरल्या. पट्टे उमटले, पण मूल दोघांपैकी एकाशीही जुळेना.

"तिसराच कुणीतरी!" मागून एक जण ओरडला. "बाई भलतीच निघाली, मॅडम!"

सगळ्या वर्गाने तेच उत्तर लिहिलं. बाईंनी सरसकट शून्य दिलं.

विभागप्रमुखांनी त्यांना बोलावून घेतलं. "अख्खा वर्ग नापास?" जेलचा फोटो त्यांनी पाहिला न पाहिल्यासारखा केला. "बरोबर तर लिहिलंय. बाप तिसराच आहे."

"आईची रांग बघा, सर."

सरांनी बघितली. मुलाचा एकही पट्टा आईशीसुद्धा जुळत नव्हता.

"मूल तिचंच नाही. दवाखान्यात मुलांची अदलाबदल झालीये. आधी आई बघा, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत शिकवलं. एकानेही तिकडे ढुंकून बघितलं नाही. बाईवर आळ घ्यायची मात्र कोण घाई!"

सरांचा चेहरा पडला आणि लगेच पारा चढला. चूक दाखवणाऱ्यावर चिडणं सगळ्यात सोपं असतं. "पोरांना खड्ड्यात पाडायला ठेवलं नाही तुम्हाला. ही शून्यं खोडा, नाहीतर पुढचा करार विसरा."

बाईंनी त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं. सर समाधानाने खुर्चीत रेलले. बाईंनी गुणांच्या यादीत तळाशी सरांचं नाव लिहिलं, त्यापुढे ठळक शून्य काढलं, कागद त्यांच्याकडे सरकवला आणि आपलं कपाट रिकामं करायला निघून गेल्या.