देवदत्तनं काढलेली वाट

मुलुंडच्या देवदत्त विजयकराला सोसायटीत सगळे नकाशेवाला म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. घाटकोपरच्या एका कचेरीत तो इमारतींच्या नळांची आरेखनं काढायचा. हात सरळ, रेघ स्वच्छ. पन्नाशी उलटली तरी रविवारी जाड टायरची सायकल काढून डोंगरात घुसायचा, चिखलानं माखून परतायचा आणि जयंतीच्या, म्हणजे बायकोच्या, शिव्या खात न्हाणीत शिरायचा.

सोबतीला खालच्या मजल्यावरचा निहार असायचा. चौतीस वर्षांचा, अंगानं काटक, उतारावर ब्रेक न दाबणारा. गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर निहार एका रविवारी एकटाच गेला आणि मेला. डोंगराच्या पाठच्या अंगाला दगडाची एक बंद खाण आहे, साठ फूट उभी. तिच्यात तो सायकलसकट पडला. वळण चुकला, असं कागदोपत्री लिहिलं गेलं. घरच्यांनीही तेच धरलं, आणि पोरगा बेफाम चालवायचा म्हणून वर्षभर मेलेल्यालाच बोल लावला.

तिथं वळण नव्हतंच. निहारच्या हँडलवरच्या जीपीएसमध्ये पायवाटेची एक तुटक रेघ होती आणि ती खाणीवरून सरळ पुढं गेली होती. ती रेघ देवदत्तनं काढली होती. हे देवदत्तशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

इंटरनेटवर एक खुला नकाशा असतो. कुणीही त्यात वाटा काढाव्यात, आणि जीपीएसवाल्या कंपन्यांनी त्या उचलून आपापल्या यंत्रांत भराव्यात, अशी रीत आहे. निहार जायच्या आधीच्या मे महिन्यात देवदत्त घरी पंख्याखाली बसून उपग्रहाचा फोटो बघत होता. त्याच्या माहितीच्या दोन वाटांच्या मधे त्याला डोंगरावरून खाली येणारी पांढरी रेघ दिसली. मधे एक काळा डाग होता, तो त्यानं झाडांची सावली समजला. दोन टोकं जुळतायत हे बघून त्याच्यातल्या नकाशेवाल्याला राहवलं नाही. त्यानं रेघ ओढली, बाजूला ‘सोपी’ असा शेरा मारला आणि चहा मागितला.

ती पांढरी रेघ म्हणजे पाण्याचा व्हाळ होता, आणि काळा डाग म्हणजे खाण. आमच्याकडे गुरांमागं फिरणाऱ्यालासुद्धा हे सांगावं लागत नाही. वाट माणसाच्या पायानं होते. ती दगड चुकवते, झाडाला वळसा घालते, चढावर दमते. व्हाळ कुणाची भीड धरत नाही, सरळ खाली धावतो आणि जाईल तिथं रुंदावतो. उन्हाळ्यात सुकला की वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच पांढरे. पण ज्याची चप्पल कधी व्हाळातल्या गोट्यांवरून सटकलीच नाही, त्याला ते कळावं कसं?

निहारच्या तेराव्याआधीच देवदत्तनं ती रेघ पुसली. तीन आठवड्यांनी बघतो तर रेघ परत जागेवर, शेऱ्यासकट. कुठल्या तरी गावच्या कुणा भल्या माणसानं ती पुन्हा काढली होती, आणि पुराव्यासह. एका सायकलस्वाराच्या यंत्रानं आपसूक पाठवलेला प्रवासाचा माग त्याच रेघेवरून गेला होता. देवदत्तनं तो माग उघडला. तारीख निहार गेला त्या दिवसाची होती. बारीक ठिपके उतारावरून झरझर गेले होते, मग एका जागी साचले होते. पुढचे पाच तास तिथंच.

त्यानं रेघ पुन्हा पुसली, ती पुन्हा आली. तिसऱ्या वेळी त्या भल्या माणसानं नम्रपणे लिहिलं, इथून माणूस गेल्याचा पुरावा आहे, कृपया पुसू नये. एका ओळीचं उत्तर पुरलं असतं. पण ते लिहिलं असतं तर पहिली रेघ कुणाची, हा प्रश्न आलाच असता. देवदत्तनं लिहिलं नाही. त्यानं डोंगरात जाणं सोडलं. कचेरीत नळाची तुटक रेघ ओढतानाही हात मधेच थांबायला लागला. साहेबानं डोळे तपासून घ्यायला सांगितलं.

अशात निहारची धाकटी बहीण रेवती वर आली. भावाची सायकल तिनं दुरुस्त करून आणली होती, जीपीएस मात्र फुटला होता. नवा तुम्हीच निवडा, दादा म्हणायचा यातलं काकांइतकं कुणाला कळत नाही, असं म्हणाली. जयंतीनं परस्पर शनिवारची दुपार ठरवून टाकली.

घाटकोपरच्या सायकलच्या दुकानात दुकानदार विकीनं तीन यंत्रं काउंटरवर मांडली. पहिलं काचेचं, बोटानं सरकवायचं. देवदत्तनं नकाशा ओढत त्या डोंगरावर नेला. रेघ होती. घामाचा थेंब पडला की पडदा आपोआप सरकतो, ओल्या बोटाला दाद देत नाही, असं सांगून त्यानं ते बाजूला ठेवलं. खोटं नव्हतं ते. दुसरं बटणांचं, एका चार्जिंगवर वीस तास चालणारं, हवेच्या दाबावरून उंची सांगणारं. त्यातही रेघ होती, शेऱ्यासकट. याचं ब्रॅकेट कच्चं आहे, देवदत्त म्हणाला.

विकी वैतागला. “काय काका तुम्ही पण. गेल्या वर्षी अख्ख्या ग्रुपला हाच घ्या म्हणून कोण सांगत होतं? मी?”

तिसरं जुनं मॉडेल होतं. त्यात वाटाच नव्हत्या, डोंगराची उंची दाखवणाऱ्या नुसत्या गोल रेघा. देवदत्तला वर्षभरात पहिल्यांदा मोकळा श्वास आला. हाच घे, तो म्हणाला. रेघा जवळ आल्या की कडा समजायचा, बाकी काही लागत नाही.

रेवतीनं ते हातात धरलं आणि परत ठेवलं. पुढच्या महिन्यात दादाला वर्ष होतंय, त्या दिवशी त्याच वाटेनं मला त्याची सायकल न्यायचीय, ती म्हणाली. मधल्या यंत्रात वाट आहे, मी पाहिली. तो वळण चुकला, मी चुकणार नाही. माझं ब्रेकवर बोट असतं.

“वळण नाहीये तिथं,” देवदत्त म्हणाला.

“म्हणजे?”

“वाटच नाहीये. पावसाचं पाणी उतरतं तिथून. तुझा दादा काही चुकला नाही गं.”

“मग ही काढली कुणी?”

विकीचा पाना हातातच राहिला.

“मी.”

“जाऊन बघून?”

“घरी बसून.”

“आणि सोपी?”

“तेही मीच लिहिलं.”

तिनं मधलं यंत्र उचलून विकीपुढं सरकवलं आणि म्हणाली, “हाच बांध. रविवारी तुम्ही पुढं चालायचं, काका. पायी.”

रविवारी सकाळी दोघं व्हाळातून उतरले. पुसलेली रेघ परत परत येते, हे देवदत्तनं उतरताना सांगितलं. पाणी नुकतं आटलं होतं, गोटे शेवाळलेले. देवदत्त दोनदा आपटला. तिनं हात दिला नाही. मग समोरची झाडी संपली आणि पायाखालची भुईही. देवदत्त काठावर थांबला. रेवती त्याच्या मागं, हातातल्या यंत्रात बघत. यंत्रातला बाण शांतपणे पुढं टोक करून होता.

“अजून चाळीस मीटर सरळ म्हणतोय,” ती म्हणाली.

देवदत्त तिथंच खाली बसला.

तिनं त्याला बसू दिलं. मग यंत्र त्याच्या मांडीवर ठेवलं. पुसलं तर कुणीतरी परत काढणार, तेव्हा आता पुसायचं नाही, खाणीचा काठ काढायचा, पाऊल टाकून, म्हणाली. देवदत्त उठला आणि घाणेरीच्या काट्यांतून खाणीभोवती फिरला. पोटऱ्या ओरबाडल्या, दुपार झाली. ती एका कातळावर पाठ करून बसली होती.

घरी येऊन देवदत्तनं नकाशात खाण काढली. रेघेच्या जागी व्हाळ दाखवला. त्या भल्या माणसाला लिहिलं, ती वाट मी घरी बसून काढली होती, आणि तुमच्या पुराव्यातला माणूस तिथंच मेला. खाली आपलं पूर्ण नाव घातलं. त्या माणसाचं उत्तर आलं नाही, पण रेघही परत आली नाही.

रेवतीच्या घरी निहारला बोल लावणं थांबलं. विजयकरांच्या घराची पायरीही त्यांनी सोडली. पण यंत्रांतले नकाशे आपापल्या सवडीनं बदलतात, कुणाचे महिन्यानं, कुणाचे वर्षानं. म्हणून दर रविवारी सकाळी सातला देवदत्तचा फोन वाजतो.

“काका, अजून ती वाट दिसतेय.”

“हो. येईल बदल.”

“बरं,” रेवती म्हणते आणि फोन ठेवते.