एकोणतीस कुंड्यांची खोली

"कुंडी जागेवरून हलवायची नाही. बाकी काय करायचं ते करा," तायडे साहेब मला दारातच म्हणाले.

कुंडी न हलवता झाड तपासणं म्हणजे पेशंटला कुशीवर न वळवता त्याची पाठ तपासणं. पण पहिल्याच व्हिजिटला क्लायंटशी वाद घालायचा नाही, एवढं मी नोकरीत शिकले आहे. "बरं," म्हटलं आणि चपला काढल्या.

मी कृषी सहाय्यक होते, तिवसा तालुक्यात. कपाशी आणि तुरीवरची कीड शेतकऱ्यांना दाखवत बांधाबांधानं फिरण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून अमरावतीत एका नर्सरीत लागले. आता घरातल्या आणि ऑफिसातल्या झाडांच्या तक्रारी बघते. घरातल्या झाडाला कीड कुठून येणार, असं लोकांना वाटतं. ती नव्या कुंडीसोबत येते, मातीतून येते, आपल्या कपड्यांवरूनही येते. शेतात तिला खाणारे दुसरे किडे असतात, पाऊस तिला धुऊन नेतो. घरात तिला कोणी हात लावत नाही. ती सुखानं वाढते.

तायडे साहेबांचं घर अकोल्याला. साहेब एसटीत वाहतूक नियंत्रक होते, बरीच वर्षं अकोट डेपोला. कुठली गाडी कितीला सुटणार, कुठल्या फलाटावर लागणार, ते सांगणारा माणूस. त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. ती त्यांच्या मुलीची, प्रज्ञाची खोली. प्रज्ञा नर्स आहे, दोन वर्षांपूर्वी जर्मनीला गेली. तिचा पलंग, टेबल, भिंतीवरचं बाबासाहेबांचं चित्र, दाराच्या खुंटीवरची ओढणी, सगळं होतं तसंच होतं. आणि खोलीभर झाडं. मी मोजली. एकोणतीस कुंड्या.

त्यातली धडधाकट पाच-सहा असतील.

टेबलाच्या पायाशी एक मोठा मनीप्लांट होता. त्याची वेल टेबलावरून पुस्तकांच्या रॅकवर, तिथून दाराच्या चौकटीवर चढवलेली. जागोजागी लाल दोऱ्यानं बांधलेली. खाली पानं होती, वर नुसत्या काड्या. जिथं पानाचा देठ वेलीला लागतो, त्या बेचक्यात पांढरं कापसासारखं काहीतरी चिकटलेलं. बोट लावलं तर चिकट.

"बुरशी हाय ना?" साहेबांनी विचारलं.

"नाही. पिठ्या ढेकूण. कपाशीवर पायला असन तुमी. हा रस पितो. त्याचा चिकटा खाली पडते, त्याच्यावर मुंग्या येतात."

मग मी एक पांढरा कागद घेतला आणि क्रोटनचं पान त्यावर झटकलं. कागदावर मिरपुडीसारखे ठिपके पडले. थोडं थांबलं की त्यातले काही चालायला लागतात. चालला तर तो लाल कोळी, पानाचा रस शोषणारा; नाही चालला तर धूळ. हे चालले.

पण मला खरी काळजी कुंड्यांची होती. खोलीत ओल्या मातीचा आंबूस वास होता. बारीक काळ्या माश्या उडत होत्या. अशा माश्या सतत ओल्या राहणाऱ्या मातीत होतात.

"पाणी केव्हा देता?"

"सकाळी साडेसहा. एका कुंडीले एक लोटा. दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही," साहेब ताठ उभे राहून म्हणाले.

त्यांनी झाडांना वेळापत्रक लावलं होतं, आणि मुळं पाण्यात सडत होती.

मी ट्रीटमेंट सांगितली. आजारी झाडं वेगळी करायची, दुसऱ्या खोलीत. सडलेली मुळं कापून कोरड्या मातीत लावायची. ढेकूण स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून काढायचे. मग नीम तेल आणि साबणाचा फवारा, दर आठवड्याला, कारण एका फवाऱ्यात अंडी मरत नाहीत. आणि मनीप्लांट खालून वीतभर ठेवून सगळा छाटायचा.

"छाटायचा नाही," साहेब म्हणाले. "थे दोरे तिनं बांधले. डिसेंबरात येऊन रायली ती. तिले खोली जशी ठेवून गेली तशी दिसली पायजे. तुमी फक्त औषध मारा."

"नुसत्या औषधानं होणार नाही, साहेब."

"मंग काय उपेग?" असं म्हणून ते बाहेर अंगणात निघून गेले.

मी सामान आवरत होते. त्यांच्या पत्नी लताबाई चहा घेऊन आल्या. दार थोडं लोटून घेतलं आणि हळू आवाजात बोलल्या.

"मॅडम, यायनं चार महिन्यांपासून पोरीचं तोंड नाही पायलं."

मला समजलं नाही.

"पोरगी दर रविवारी व्हिडिओ लावते. हे म्हणतात नेट नाही, नुसतं बोल. नेट हाय. पण व्हिडिओ लावला का ती म्हणते, बाबा, माही खोली दाखवा. झाडं दाखवा लागतीन ना. म्हणून हे तोंडच दाखवत नाईत. सकाळ-संध्याकाळ इथं येऊन बसतात. पोरीले दोन शब्द बोलत नाईत, झाडाइले बोलतात."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले. पिठ्या ढेकणाचं औषध मला तोंडपाठ आहे. या घराला काय द्यावं, ते सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नर्सरीचे मालक राजाभाऊ यांना रिपोर्ट दिला. ते हिशेबी माणूस नाहीत, पण त्यांना कामं लवकर उरकलेली आवडतात.

"मॅडम, कायले डोकं लावता? सगळा सेट फेका. तेच झाडं आपल्याकडं हायत. एका गाडीत जातीन. पोरगी दोन वर्षांनं येऊन रायली, तिले काय ओळखू येते?"

"तिले नाही येणार. तायडे साहेबाइले येईन ना."

राजाभाऊंनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बरं, तुमच्या हिशोबानं करा. पण लांबवू नका."

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. या वेळी मी ठरवून गेले होते. साहेबांना म्हटलं, "मले झाडांची हिस्ट्री पायजे. माती कोणती वापरली, छाटणी केव्हा केली, कोणतं झाड कुठून आणलं. हे प्रज्ञालेच माहीत. तिले फोन लावा. अन् व्हिडिओ लावा, मले एक-एक पान तिले दाखवायचं हाय."

हिस्ट्री मला हवी होती, हे खरं. पण ती साध्या फोनवरही मिळाली असती, हेही तितकंच खरं.

साहेब बराच वेळ खांद्यावरचा टॉवेल सारखा करत राहिले. मग दाराबाहेर जाऊन उभे राहिले. लताबाईंनी साहेबांच्या फोनवरून कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

प्रज्ञा नुकतीच ड्यूटीवरून आली असावी. जाड स्वेटर, डोळे थकलेले. मागे एक छोटी खिडकी दिसत होती. तिच्या कट्ट्यावर काहीच नव्हतं. मी कोण ते सांगितलं आणि फोन झाडांकडे फिरवला.

"हे अजून हायत?" ती म्हणाली. "मले वाटलं, कधीचेच गेले असतीन."

मी दाराकडे पाहिलं नाही.

"माती कोणती होती?"

"कोकोपीट जास्त, थोडं शेणखत. मॅडम, बाबा रोज पाणी देतात का?"

"देतात."

"मी तं आठ-दहा दिवसांनं द्यायची. बोट घालून पायची, वर कोरडं लागलं तरच."

"अन् हा मनीप्लांट? छाटायचा म्हटलं तर?"

"छाटा ना. मी बी दर पावसाळ्यात छाटत होती. तेवढं तं लागतेच." मग म्हणाली, "मॅडम, बाबाले आणा ना समोर."

मी फोन घेऊन दाराशी गेले. साहेबांना मागे सरकायला जागा नव्हती, पाठीशी भिंत होती. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

बाप-लेक एकमेकांकडे बघत राहिले. आत स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली, तेव्हा प्रज्ञा बोलली.

"बाबा, दाढी काऊन वाढवली? किती बारीक झाले तुमी."

"झाडं खराब झाले, बाई."

"होऊ द्या."

"तू म्हणली होती, झाडं सांभाळजा."

"बाबा, मी जाताना काई बी बोलली असीन. गाडी सुटून रायली होती. मले रडू येऊन रायलं होतं. काईतरी बोलावं लागते म्हणून बोलली."

साहेब मान हलवत राहिले. हयातभर त्यांनी गाड्या सोडल्या होत्या. सुटत्या गाडीच्या खिडकीतून माणसं काय काय बोलतात, हे त्यांना माहीत नसेल असं नाही. पण स्वतःच्या लेकीचं बोलणं तसं ऐकता येत नसावं.

"तू जेवली का?" त्यांनी विचारलं.

मी आत गेले आणि बोळे भिजवायला घेतले.

फोन संपल्यावर साहेब खोलीत आले. पलंगाच्या कडेवर बसले. मी कात्री त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, आणि वेल कापण्याआधी एक-एक लाल दोरा सोडवायला लागले. बारीक गाठी होत्या. प्रज्ञानं पक्क्या मारल्या होत्या. कापले असते तर मिनिटाचं काम होतं. त्यांना पाऊण तास लागला. मी घाई केली नाही.

त्या दिवशी सगळ्या कुंड्या अंगणात सावलीला काढल्या. अकरा झाडांची मुळं काळी आणि मऊ झालेली होती, हातात आल्याबरोबर सालं सुटून आली. ती वाचणार नव्हती. तसं मी सरळ सांगितलं. साहेबांनी स्वतःच खड्डा करून ती पुरली. उरलेली अठरा धुतली, पुसली, कोरड्या मातीत लावली. फवाऱ्याचं प्रमाण लिहून दिलं: एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा नीम तेल, चार थेंब भांड्यांचं लिक्विड, आधी एका पानावर मारून बघायचं, उन्हात मारायचं नाही. पाण्याचं प्रमाण लिहून दिलं नाही. बोट घालून बघा, म्हटलं.

"पण रोज सकाळी साडेसहाले मी काय करू?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न माझ्या विषयाचा नव्हता. तरी म्हटलं, "पाना-पानाच्या मागं बघा. कीड तिथंच लपते." ते काम रोज केलं तरी झाडाचं नुकसान होत नाही.

चार फॉलो-अप झाले. तिसऱ्या वेळी ढेकूण सापडला नाही. मनीप्लांटच्या खुंटाला दोन कोंब आले होते, छाटलेल्या तुकड्यांना पाण्यात मुळं सुटली होती. झाडांच्या जागाही बदलल्या होत्या. ज्याला उजेड हवा ते खिडकीशी, ज्याला नको ते आत. खोली आता प्रज्ञाच्या खोलीसारखी दिसत नव्हती.

डिसेंबरात प्रज्ञा आली नाही. तिची सुट्टी मंजूर झाली नाही. हे मला साहेबांनीच फोन करून सांगितलं.

"आता एप्रिल म्हणते," ते म्हणाले. "पाहू."

"झाडं कशी हायत?"

"चांगली हायत. रविवारी दाखवायले गेलो, तं म्हणते, बाबा, कॅमेरा तुमच्याकडं फिरवा, झाडं राहू द्या." मग म्हणाले, "मॅडम, दोन वर्षं मी ह्या झाडाइले जपलं, ती येईन म्हणून. आता झाडं चांगले झाले, अन् ती येत नाही. तं गमतच हाय."

त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. मी पुढच्या फवाऱ्याची तारीख सांगितली.

घरातली बहुतेक झाडं तहानेनं मरत नाहीत, जास्त पाण्यानं मरतात. हे मी प्रत्येक क्लायंटला पहिल्या दिवशी सांगते. पण तायडे साहेबांच्या घरानंतर आमच्या व्हिजिटच्या फॉर्मवर मी एक ओळ वाढवली आहे: झाड कोणी लावलं आणि पाणी कोण देतं?

राजाभाऊंनी विचारलं, "हे कायले?"

"दोन नावं वेगळी आली, तर त्या दिवशी दुसऱ्या घरची व्हिजिट ठेवायची नाही. तिथं वेळ लागतो," मी म्हटलं.