मेलिशाच्या चित्रावरचा हिरवा रंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — नीटसं कळत नाही. गोष्ट म्हटली तर एवढीशी. एका लहान मुलीचं चित्र. त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच म्हणत आले.

मी विरारला राहते. शाळेतली चित्रकलेची नोकरी सुटली तेव्हा मुलांच्या वाढदिवसाला रंगकामाच्या पार्ट्या घ्यायला लागले. प्लास्टिक अंथरायचं, मुलं वयाप्रमाणे बसवायची. तीन-चार वर्षांची पिल्लं चादरीवर हाताचे ठसे उमटवणार, त्यांच्याहून मोठी मातीच्या कुंड्या रंगवणार, आणि सात व त्यापुढच्यांना कॅनव्हास.

भुईगावची सबिना माझ्या जुन्या शाळेतली सहकारी. तिची मेलिशा सात वर्षांची होत होती. त्याच्या काही महिने आधी सबिनाला मुलगा झाला होता — आणि तिसऱ्याच दिवशी गेला. घरात कुणी त्याचं नाव काढत नव्हतं. पार्टी ठरवताना सबिना फोनवर एवढंच म्हणाली, की घरात जरा हसू यावं म्हणून करतेय.

मेलिशा त्या दिवशी ऐटीत कुंड्यांवाल्या मुलांना ओलांडून आली आणि कॅनव्हाससमोर बसली. आता ती मोठ्यांत होती ना! मी सगळ्यांना सांगितलं, आपली वाडी काढा. बाकीच्यांनी केळी काढल्या, माड काढले, विहीर काढली. मेलिशाने जवळजवळ पूर्ण कॅनव्हास तपकिरी रंगवला. वर एका कडेला ती स्वतः, हातात फुगा. आणि खाली, मातीच्या आत, एक पांढरी पेटी. पेटीत बाळ. त्याचे डोळे तिने उघडे काढले होते.

केक कापायला सगळे आत गेले. आत प्रार्थना सुरू झाली. मी अंगणात एकटीच होते. रंग उन्हात वाळला होता. मी मोठा ब्रश घेतला आणि त्या मातीवर हिरवा रंग ओढला. पेटीवर केळीचं झाड काढलं. मग दुसरं. लाल फुलं.

का? सबिनाला बघवणार नाही म्हणून — असं मी तेव्हा मनाला समजावलं. पण खरं सांगू? मला फोटो काढायचे होते. सगळी चित्रं एका ओळीत, मागे मुलं. ते बघूनच पुढची बोलावणी यायची. त्या ओळीत मला पेटी नको होती.

मुलं बाहेर आली. मेलिशा चित्रासमोर उभी राहिली.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

सबिना तिच्या मागेच होती. चित्र बघून तिचा चेहरा उजळला होता, कितीतरी दिवसांनी. मेलिशाने कॅनव्हासला बोट लावलं, हिरवं झालेलं बोट आईला दाखवलं. आता बोलायला हवं होतं — नाही का? मी हसत म्हटलं, "तुझंच आहे गं. बोट तर तुझं मघापासूनच रंगलंय."

सगळे हसले. ती पुन्हा म्हणाली, माझं नाही. सबिनाने दंड धरून तिला दटावलं, टीचरसमोर असं खोटं बोलतात का म्हणून. मेलिशाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून ब्रश धुवायला लागले.

"माझंच आहे," ती शेवटी म्हणाली.

फोटोत ती पहिल्या रांगेत आहे. हसत नाहीये.

सबिनाने ते चित्र फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं. गेल्या नाताळात तिने बोलावलं म्हणून मी गेले होते. मेलिशा आता कॉलेजात आहे. चित्र काढत नाही. लहानपणी कशी छान काढायची, मग एकाएकी सोडलंच, असं सबिना त्या फ्रेमकडे बघत म्हणाली. मी चहा पीत राहिले.

निघताना मेलिशा मला फाटकापर्यंत सोडायला आली. तिथे थांबून हळूच म्हणाली, "टीचर, त्या रंगाखाली तो अजून असेल ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त विचारायचं होतं. मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी —

मी म्हटलं, "कोण गं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि फाटक लावून घेतलं.

सात वर्षांच्या मुलीशी मी खोटं बोलले, आणि ती मोठी होऊन विचारायला आली तेव्हा पुन्हा बोलले. बाळ त्या रंगाखाली आहे. मीच त्याला झाकलंय.