धडधाकट मेंढराची लस

“चार दिस गोळी सोडली, काय झालं मला?”

“स्प्रिंगीत रक्त गोठंल, आसं डॉक्टर म्हणले न्हाईत का?” आत्यानं नवऱ्याला विचारलं.

“मेंढरू बरं झालं की औषध बंद करतो आपण. मी काय येगळा हाय?”

माझी आत्या साखराबाई पालीला दिलेली, शाळेची पायरी न चढलेली. पण मागच्या उन्हाळ्यात मेंढरांमागं चालता चालता धुळाजीला, तिच्या नवऱ्याला, दरदरून घाम फुटला, डावा हात भरून आला, तेव्हा तो पित्त-पित्त करत राहिला आणि हिनं त्याला पुढं एक पाऊल टाकू दिलं नाही. टेम्पो अडवून थेट बीड गाठलं. तुंबलेल्या रक्तवाहिनीत डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली. “बाईंनी वेळेत आणलं,” म्हणाले. हे मी गावभर सांगते.

आत्यानं तळहातावर गोळी घेऊन पाण्याचा तांब्या पुढं केला. “पावसाळ्याआदी लस कोणाला टोचता तुमी? आजारी मेंढराला?”

“न्हाई. धडधाकटाला.”

“कावून?”

धुळाजीनं तिच्या तळहातावरची गोळी उचलली, पाण्याबरोबर गिळली, काठी घेतली आणि मेंढरांकडं निघून गेला.